काळ्या मातीवरच्या घरात मोठ्या टाईल्स

विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी मुरूम नीट दाबा, वर 100 मिमी काँक्रीट टाका आणि 28 दिवस थांबा. इथे केलेली घाई सगळ्यात महागात पडते.

पोर्सिलेन टाईल 0.5 टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. पॉलिमर मिसळलेलं, टाईल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्हच घ्या. 10-12 मिमी दातांच्या थापीने ते एकाच दिशेने ओढा, टाईलच्या पाठीलाही पातळ लावा. पहिली टाईल बसवून लगेच उचलून बघा: पाठ कोरडी राहिली तिथे पुढे पोकळ वाजणार. मे महिन्यात लेपावर लवकर पापुद्रा धरतो. बोटाला चिकटत नसेल तर खरवडून टाका. सांधा 3 मिमी, भिंतीकडेला 8 मिमी फट. भिंतीवरही टाईल लावायची असेल तर तिथला जुना चुना-रंग आधी टोचून काढा.