यानाकाची फेरी दुपारी तीननंतर सुरू करा

टोकियोत एक दुपार मोकळी असेल तर यानाका ही जुनी वस्ती पाहायला निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडा. समोरचा रस्ता थेट यानाका गिंझा बाजारात जातो, पण तो परतीसाठी राखून ठेवा. आधी डावीकडे तेन्नोजी मंदिर आणि त्याला लागून असलेली यानाका दफनभूमी. मधल्या रस्त्यावर दुतर्फा चेरीची झाडं आहेत. १९५७ साली जळालेल्या पाचमजली पागोड्याचे आता फक्त पायाचे दगड दिसतात. शेवटचा शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा योशिनोबू याची समाधीही इथेच.

पुढे कान्नोनजी मंदिराची जुनी भिंत मात्र चुकवू नका. अगदी जवळ जाऊन बघा: मातीच्या थरांमध्ये कौलं आडवी दाबून बसवलीत, त्यामुळे कडांच्या करड्या रेघा भिंतभर धावतात. मला तर सगळ्या फेरीत हीच सर्वांत आवडते.

सूर्यास्ताच्या सुमारास ‘युयाके दानदान’ या पायऱ्यांच्या माथ्यावर या. नावाचा अर्थच मावळतीच्या पायऱ्या. खाली बाजार. तिथली मेन्ची-कात्सू ही तळलेली कटलेटसारखी टिक्की प्रसिद्ध आहे, पण आत खिमा असतो, शाकाहारींनी सांभाळावं. खायचं ते दुकानापाशी उभं राहूनच. कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा, रस्त्यावर कचराकुंडी सहसा सापडत नाही.