पहिल्या तीन महिन्यांतला गर्भस्राव आणि गर्भपिशवीची वेगळी रचना : काय करावे, कशाची घाई करू नये

एकाच सोनोग्राफीत कधी कधी दोन गोष्टी एकदम हाती पडतात. अहवालाच्या वरच्या भागात गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसत नसल्याची नोंद असते आणि अगदी शेवटच्या ओळीत, पुढे प्रश्नचिन्ह लावून, 'बायकॉर्न्युएट / सेप्टेट गर्भाशय', म्हणजे दोन शिंगांची किंवा मधे पडदा असलेली पिशवी, असे लिहिलेले असते. माझ्या अहवालावरचे ते प्रश्नचिन्ह इतके बारीक होते की कुणाच्याच लक्षात आले नाही, आणि दिवेलागणीपर्यंत सारे घर 'पिशवीतच दोष आहे, म्हणून टिकले नाही' असे ठरवून मोकळे झाले. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गर्भधारणा थांबल्यावर गर्भस्राव सुरक्षितपणे पूर्ण कसा करायचा, हा पुढच्या काही दिवसांचा प्रश्न असतो. पिशवीची रचना नेमकी कशी आहे आणि तिचे काही करायचे का, हा पुढच्या काही महिन्यांचा. दोन्हींची उत्तरे एकाच दुपारी मागू नयेत आणि कुणी देऊ केली तरी लगेच स्वीकारू नयेत.

प्रथम निदान पक्के असल्याची खात्री करून घ्यावी. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नाहीत, अथवा गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असून आत गर्भच नाही, तर गर्भधारणा थांबली आहे असे म्हणता येते. मापे याहून लहान असतील तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करणे हाच योग्य मार्ग असतो. मधले दिवस फार जड जातात, पण त्या काळात पिशवी रिकामी करणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. पिशवीची रचना वेगळी असल्याची शंका असेल तर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: गर्भकोश नेमका कोणत्या बाजूला आहे, आणि तो पिशवीच्या मुख्य पोकळीतच आहे ना? एकशिंगी, म्हणजे एकाच बाजूने वाढलेल्या, पिशवीला कधी कधी अर्धवट वाढलेले दुसरे शिंग असते. त्यात गर्भ रुजला असेल तर गोळ्यांनी तो बाहेर पडत नाही आणि वाढत गेल्यास ते शिंग फुटून पोटात गंभीर रक्तस्राव होतो. ओळखीच्या फार्मसीतून परस्पर गोळ्या आणणे धोक्याचे आहे ते प्रामुख्याने यासाठी.

निदान पक्के झाल्यावर तीन वाटा असतात. पहिली, निसर्गतः स्राव सुरू होण्याची वाट पाहणे, साधारणपणे दोन आठवड्यांपर्यंत. दुसरी, गोळ्या: आधी मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर मिसोप्रोस्टॉल. तिसरी, पिशवी साफ करणे, जिला आपल्याकडे सर्रास 'क्युरेटिंग' म्हणतात. रक्तस्राव फार नसेल, ताप नसेल आणि रक्तक्षय नसेल तर तिन्हींपैकी निवड करण्याचा अधिकार स्त्रीचा असतो. मात्र गोव्यात निवड करताना घर कुठे आहे याचाही हिशेब धरावा, असे माझे मत आहे. म्हापसा किंवा मडगावला राहणाऱ्या बाईला मध्यरात्री स्राव वाढला तरी जिल्हा इस्पितळ जवळ असते. सत्तरीतील आतल्या वाड्यांत किंवा काणकोणच्या डोंगराळ भागात, तेही भर पावसात, तसे नसते. अशा वेळी वाट पाहायचीच असेल तर ते दिवस माहेरी किंवा एखाद्या नातलगाकडे, इस्पितळाच्या जवळ काढणे शहाणपणाचे ठरते. १०८ क्रमांक घरातल्या सर्वांना ठाऊक असावा आणि रात्री गाडी कोण चालवणार हे आधीच ठरलेले असावे.

क्युरेटिंगचा मार्ग निवडला तर वेगळ्या रचनेमुळे दोन गोष्टींना महत्त्व येते. पिशवी दोन कप्प्यांची असेल तर उपकरण रिकाम्या कप्प्यात शिरून गर्भ दुसऱ्या कप्प्यात तसाच राहू शकतो, आणि मधल्या पडद्यापाशी किंवा वरच्या खोलगट भागात पिशवीला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. म्हणून ही प्रक्रिया सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, शोषण पद्धतीने करणार का, हे आधी विचारावे. धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी शोषण पद्धत वापरावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. खरवडल्याने पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटून जाळे होण्याची शक्यता वाढते, आणि आधीच अरुंद असलेल्या पोकळीला ते परवडणारे नसते. हा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर रागावतील या भीतीने अनेकजणी गप्प बसतात. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

त्याच वेळी आणखी एक छोटी गोष्ट ठरवून ठेवावी लागते, कारण ती पुढे भरून काढता येत नाही. बाहेर आलेला भाग तपासणीसाठी पाठवायचा असतो, आणि तो कोणत्या बरणीत जातो यावर तपासणी ठरते. साध्या हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी, तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात. गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर मात्र तो फॉर्मलिनमध्ये टाकून चालत नाही, कारण पेशी मरतात. तो निर्जंतुक सलाइनमध्ये आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचावा लागतो. माझ्या वेळी परिचारिकेने सवयीने फॉर्मलिनची बरणी पुढे केली, झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहिले आणि ती ट्रेमध्ये ठेवली. त्या एका मिनिटात कारण शोधण्याची संधी गेली, हे मला दोन महिन्यांनी कळले. पहिल्याच गर्भस्रावात गुणसूत्रांची तपासणी सर्वांना लागत नाही आणि ती खर्चिकही असते. परंतु दुसऱ्यांदा असे घडत असेल आणि पिशवीबद्दल शंका असेल, तर तिचा निष्कर्ष उपयोगी पडतो: गुणसूत्रांत दोष सापडला तर त्या वेळच्या गर्भस्रावाचे खापर पिशवीवर फोडता येत नाही.

घरी आल्यावर काही दिवस पोटात कळा आणि पाळीपेक्षा जास्त स्राव अपेक्षित असतो. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारून घ्यावी. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, घेरी येत असेल, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप चढत असेल, स्रावाला दुर्गंधी असेल, किंवा एका बाजूला तीव्र वेदना होऊन खांद्यात दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जावे. स्राव थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळावा आणि टॅम्पॉन वापरू नयेत. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण अँटी-डी इंजेक्शन द्यायचे ठरल्यास ते ७२ तासांच्या आत देतात. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबिल, माशांचे हुमण हे सर्व चालते. लोहाची गोळी मात्र चहासोबत घेऊ नये, तिचा बराचसा भाग वाया जातो.

तीन आठवड्यांनी लघवीची गर्भचाचणी करावी. ती अजून पॉझिटिव्ह असेल, किंवा स्राव पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर सोनोग्राफी करून दोन्ही कप्पे पाहायला सांगावे. एकच कप्पा पाहून 'पिशवी स्वच्छ आहे' असे म्हटले गेल्याची चूक दोन कप्प्यांची पिशवी असलेल्या स्त्रियांच्याच बाबतीत होऊ शकते. पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते, पण बीजोत्सर्ग त्याआधीच, दोन आठवड्यांतही होऊ शकतो. लगेच दिवस जायला नको असतील तर त्याची काळजी तेव्हापासूनच घ्यावी.

आता घरातल्यांविषयी, कारण गोव्यातल्या घरांत हा भाग औषधोपचारापेक्षा अवघड जातो. स्कूटर चालवली, पपई किंवा अननस खाल्ला, जिने चढली, देवाचा कौल न घेता बाहेर पडली, अशी कारणे शेजारपाजारहून येत राहतात. सुरुवातीच्या गर्भस्रावांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो बाईच्या वागण्यातून येत नाही. सासूबाईंना हे पटवायचे असेल तर नवऱ्याने स्वतः सांगावे. सुनेने सांगितले तर ते सबब वाटते. देवळात जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जावे. रात्री झोप न लागणे, रडू आवरत न येणे, अपराधी वाटत राहणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर समुपदेशन घ्यावे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांना गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये होती, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम ठेवली आहे. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या स्त्रियांनाही सहा आठवड्यांचा लाभ मिळतो. त्यासाठी डिस्चार्ज कागदावर 'गर्भस्राव' हा शब्द आणि तारीख स्पष्ट असायला हवी. नुसते 'पोटदुखी' लिहिलेल्या कागदावर रजा अडते, म्हणून इस्पितळातून निघण्यापूर्वी तो वाचून घ्यावा.

पिशवीच्या रचनेचा प्रश्न पहिली नैसर्गिक पाळी येऊन गेल्यावर हाती घ्यावा. बाईचे गर्भाशय तिच्या स्वतःच्या जन्माआधी दोन नळ्या जुळून तयार होते. त्या वरच्या भागात नीट जुळल्या नाहीत तर पिशवीला बाहेरूनच दोन शिंगे दिसतात, तिला बायकॉर्न्युएट म्हणतात. जुळल्या, पण मधला पडदा विरघळला नाही, तर बाहेरून पिशवी नेहमीसारखी आणि आत दोन कप्पे, तिला सेप्टेट म्हणतात. एकच नळी वाढली तर एकशिंगी पिशवी होते. हा फरक कळीचा आहे, कारण पडदा दुर्बिणीने कापता येतो; दोन शिंगांच्या पिशवीत मात्र जो पडदा समजून कापला जाईल ती पिशवीची भिंतच असते. फॅलोपियन नलिकांच्या एक्स-रे तपासणीत, म्हणजे एचएसजीत, केवळ आतली पोकळी दिसते आणि दोन्ही प्रकार इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखेच दिसतात. त्यामुळे नुसत्या एचएसजीवर किंवा गर्भस्रावाच्या वेळच्या साध्या सोनोग्राफीवर शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. मासिक चक्राच्या उत्तरार्धात, आतले अस्तर जाड असताना केलेली थ्री-डी सोनोग्राफी पिशवीचा वरचा काठही दाखवते. ती संदिग्ध राहिली तर एमआरआय करावे. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांतून बांबोळीच्या गोमेकॉसाठी (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) चिठ्ठी मिळते. जाताना मूळ सोनोग्राफीच्या प्रतिमा घेऊन जाव्यात, कारण अहवालाच्या ओळीपेक्षा त्या जास्त सांगतात. त्याच वेळी मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी करून घ्यावी. मूत्रपिंडे त्याच काळात शेजारीच तयार होत असल्यामुळे अशा स्त्रियांपैकी काहींना एकच मूत्रपिंड असते, विशेषतः पिशवी एकशिंगी असेल तेव्हा.

पडदाच निघाला तरी तो कापायचाच असे नाही. सर्वसाधारण स्त्रियांत सुमारे ५.५ टक्के आणि गर्भस्राव झालेल्यांत सुमारे १३ टक्के जणींच्या पिशवीची रचना वेगळी आढळते, म्हणजे कित्येकींना काहीही त्रास न होता मुले झालेली असतात. पडद्याचा संबंध लवकरच्या गर्भस्रावाशी जोडला जातो. दोन शिंगांची किंवा एकशिंगी पिशवी प्रामुख्याने चौथ्या महिन्यानंतरच्या आणि अकाली प्रसूतीच्या अडचणींशी. त्यामुळे सातव्या आठवड्यातील एका गर्भस्रावाचे कारण म्हणून 'दोन शिंगांची पिशवी' हे उत्तर मला अपुरे वाटते. पडदा कापण्याविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ८० स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली होती. शस्त्रक्रिया केलेल्यांत ३१ टक्के आणि न केलेल्यांत ३५ टक्के जणींना मूल झाले. चाचणी लहान होती, म्हणून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही, पण 'कापल्याशिवाय गत्यंतर नाही' असे कुणी म्हणाले तर हे आकडे समोर ठेवावेत. दोन किंवा अधिक गर्भस्राव झाले असतील, पडदा खोल असेल आणि इतर तपासण्या, म्हणजे थायरॉइड, साखर, आणि १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेली अँटिफॉस्फोलिपिड (रक्त गोठण्याच्या दोषाची) चाचणी, निर्दोष असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यास जागा आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे इस्पितळातील योजनेच्या खिडकीवर आधी विचारावे.

पुन्हा प्रयत्न कधी करावा याला एकच उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सहा महिने थांबण्याची शिफारस केली होती, परंतु नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस गेल्याने नुकसान दिसले नाही. एक पाळी नीट आली, रक्तक्षय भरून निघाला आणि मनाची तयारी असली की बहुतेकींना पुरते. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिथले डॉक्टर सांगतील तितके थांबावे. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करावे.

दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ कोणत्या कप्प्यात आहे ते लिहून घ्यावे. दुसऱ्या रिकाम्या कप्प्यातून थोडे अंगावरून जाऊ शकते. कळवावे, पण ते दिसताच सर्व संपले असे समजू नये. १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी योनीमार्गातून मोजावी, कारण ती कमी होत असेल तर टाका घालणे किंवा प्रोजेस्टेरॉन देणे यांचा विचार त्याच वेळी करावा लागतो. बाळ पायाळू राहण्याचे प्रमाण अशा पिशवीत जास्त असते, म्हणून सिझेरियन होऊ शकणारे आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेले इस्पितळ सातव्या महिन्याआधीच ठरवावे. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता रक्तगट, पिशवीचा प्रकार आणि तो कोणत्या तपासणीने ठरला, एवढ्याच तीन ओळी आहेत, आणि त्यांतल्या एकीपुढेही प्रश्नचिन्ह नाही.