हवेचे शॉकअप घ्यावेत का? आणि घेतले तर हवा कशी भरावी?

आठवडाभर एकट्याने सोलापूरच्या होटगी रोडला कामावर आणि गुरुवारी मागे घरच्यांना बसवून अक्कलकोटला, अशी ज्याची दुचाकी चालते त्याला हवेचे शॉकअप खरंच उपयोगी पडतात. हवा वाढवली की मागची बाजू कडक होते, कमी केली की मऊ. पाना घेऊन स्प्रिंग आवळत बसायला नको. पण कायम एकटेच फिरत असाल तर यात पैसे घालू नका, साधी स्प्रिंगच बरी.

आधी गाडीला नेमकं काय बसवलंय ते बघा. बाजूला छोटी डबी असलेले गॅसचे शॉकअप आपल्याकडे पुष्कळ गाड्यांना येतात. त्या डबीत दाबाखाली नायट्रोजन असतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून. ती डबी खोलू नका, तिच्यात हवाही भरू नका. हवेच्या शॉकअपला हवा भरायचा वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि कमीत कमी, जास्तीत जास्त किती पीएसआय ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. होंडा गोल्डविंगच्या 1980 च्या मॉडेलला असे शॉकअप कंपनीतूनच होते.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी अजिबात लावू नका. शॉकअपमध्ये हवेला जागा एवढीशी असते की एका झटक्यात दाब मर्यादेपलीकडे जातो आणि सील फाटतं. शॉकअपसाठीचा, मीटर असलेला छोटा हातपंपच घ्या.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. नळी बसवली की शॉकअपमधली थोडी हवा नळीत येते, त्यामुळे नुसतं तपासलं तरी दाब उतरतो. म्हणून तपासून झालं की पुन्हा भरायचीच. नळी काढताना फुस्स होतं, ती बहुतेक नळीतलीच हवा; घाबरू नका.

सुरुवात सर्वांत कमी दाबाने करा. मग रोजच्याच रस्त्यावर, त्याच गतिरोधकावरून गाडी घ्या. ठक्क करून बुडाशी आपटली तर दोन-तीन पीएसआय वाढवा. मागचा माणूस सीटवरून उडत असेल तर तेवढीच उतरवा. एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा लिहून ठेवा. दोन्ही शॉकअपना वेगळे व्हॉल्व्ह असतील तर दाब सारखाच हवा, नाहीतर वळणावर गाडी विचित्र वागते.

एक उणीव मात्र हवेने भरून निघत नाही. हवा वाढवली तरी आतल्या तेलाची आवर घालायची ताकद तेवढीच राहते, त्यामुळे फार कडक केलेली गाडी खड्ड्यानंतर उसळत राहते. उन्हाचाही हिशोब धरावा लागतो. सकाळी 20 अंशांना भरलेले 30 पीएसआय, शॉकअप 45 अंशांपर्यंत तापला की 33-34 होतात. आपल्या मे महिन्यात म्हणून वरच्या मर्यादेला टेकवून हवा भरू नये.

दर पंधरा दिवसांनी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले, दांड्यावर तेल दिसलं किंवा रात्रीतून गाडीची मागची बाजू बसली, तर नुसती हवा भरून तुळजापूरच्या घाटाकडे निघू नका. आधी सील बदलून घ्या.