आत्महत्या आणि छळावरची किशोर-मालिका मुलांसोबत कशी पाहावी, कशी पारखावी

शाळेतला छळ आणि त्यातून झालेली आत्महत्या अशा विषयावरची मालिका घरातल्या मोबाइलवर येऊन पोहोचते, तेव्हा मुलांना ती पाहू द्यायची की नाही एवढाच विचार बहुतेक घरांत होतो. ती कशी पाहायची आणि तिने मांडलेल्या गोष्टीतले पटण्यासारखे काय, घातक काय हे कसे ओळखायचे, हा पुढचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक गोव्यात नाटक पारखण्याची सवय जुनी आहे. जत्रेतले किंवा उत्सवातले नाटक पहाटे संपले की दुसऱ्या दिवशी कोणाचे काम कसे झाले, कोणता प्रवेश ओढूनताणून आणला होता, याचा काथ्याकूट गावात रंगतो. तीच नजर आपल्या मुलामुलींसोबत बसून या मालिकांकडे वळवता येते. ती कशी वळवावी, हे येथे पालक आणि शिक्षकांसाठी मांडत आहे.

उदाहरणासाठी 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही अमेरिकी मालिका घेऊ, कारण या प्रकारातली सर्वांत जास्त चर्चा झालेली मालिका तीच आहे. जे अ‍ॅशर यांच्या २००७ च्या कादंबरीवर आधारलेली ही मालिका ३१ मार्च २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आली आणि चार पर्वांनंतर २०२० मध्ये संपली. हॅना बेकर ही शाळकरी मुलगी स्वतःचा जीव घेते आणि जाण्यापूर्वी कॅसेटींवर आपली कहाणी ध्वनिमुद्रित करून ठेवते. प्रत्येक बाजू तिच्या मरणाला कारणीभूत ठरलेल्या एकेका व्यक्तीला उद्देशून आहे. क्ले जेन्सन हा तिच्यावर प्रेम करणारा वर्गमित्र त्या कॅसेटी ऐकत जातो आणि त्याच्यासोबत आपणही ऐकतो.

पहिले काम असे की, मुलांसोबत बसण्यापूर्वी आपण ती मालिका एकट्याने पाहून घ्यावी. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा मंचांना प्रत्येक कार्यक्रमाचे वयानुसार वर्गीकरण दाखवावे लागते आणि तेरा वर्षे व त्यावरील वर्गांतल्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ते कुलूप जरूर वापरावे, पण वर्गीकरणाची पाटी वाचून आपले काम संपले असे मानू नये. न्यूझीलंडमध्ये २०१७ साली याच मालिकेसाठी एक वेगळाच वर्ग तयार करण्यात आला. अठरा वर्षांखालच्यांनी ती पालकाच्या देखरेखीखालीच पाहावी, असा त्याचा अर्थ होता. मूल एकटेच खोलीत कानाला हेडफोन लावून पाहत बसणे हीच खरी जोखीम आहे, हे तिथल्या वर्गीकरण कार्यालयाने ओळखले होते आणि आपल्या घरांनाही ते तितकेच लागू पडते.

दुसरे काम म्हणजे कोणी ती अजिबात पाहू नये, हे ठरवणे. ज्या मुलाने कधी स्वतःला इजा केली आहे, ज्याच्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत किंवा जे कित्येक दिवस गप्प गप्प आहे, जेवत नाही, झोपत नाही, त्याच्यासाठी ही मालिका सध्या नाही. घरात, वाड्यावर किंवा वर्गात नुकतीच आत्महत्या झाली असेल तरीही नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलामुलींबाबत विशेष सावध राहावे, कारण पहिल्या पर्वात बलात्काराचे प्रसंग उघडपणे दाखवलेले आहेत. 'तुला झेपणार नाही' असे म्हणून मुलाला कमी लेखू नये. 'आत्ता नको, पुढे आपण दोघे मिळून पाहू' असे सांगितले तर मूल बहुधा ऐकते.

पाहायचे ठरलेच, तर दिवसाउजेडी पाहावी आणि एका बैठकीत एकच भाग पाहावा. मालिकेचा एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. दोन भागांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी, म्हणजे पाहिलेले मनात मुरते आणि बोलायला अवसर मिळतो. मुलाने मध्येच 'मला पुढे नाही पाहायचे' म्हटले, तर ते आनंदाने मान्य करावे, पण का, हे हळुवारपणे विचारायला विसरू नये. अमेरिकेतील तरुण प्रौढांच्या एका अभ्यासात, २०१९ साली, असे आढळले की, दुसरे पर्व शेवटपर्यंत पाहणाऱ्यांपेक्षा ते अर्ध्यावर सोडणाऱ्यांमध्ये आत्महत्येचा धोका अधिक होता. अर्ध्यावर सोडल्यामुळे धोका वाढला, की आधीच हळव्या झालेल्यांनी ते सोडले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. आपल्यापुरता बोध एवढाच, की अर्ध्यावर उठलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करायचे नाही.

आता मालिकेच्या मजकुराकडे वळू. ज्या भागाला दाद द्यायला हवी, तो छळाचा आहे. पहिल्याच भागात जस्टिन नावाचा मुलगा बागेतल्या घसरगुंडीवर हॅनाचा फोटो काढतो. त्याचा एक मित्र तो सगळ्यांना पाठवून देतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातून चालताना प्रत्येक नजर तिला बोचू लागते. तिथे कोणी तिला मारत नाही, कोणी शिवी देत नाही. पुढे एका यादीत तिच्या शरीरावरून तिला क्रमांक दिला जातो, मग एक अफवा, मग एक तुटलेली मैत्री. सतावणूक एका मोठ्या घावाने होत नसून, ज्यांना आपण काही वाईट केले असे वाटतही नाही अशा अनेकांच्या हातून ती थेंबाथेंबाने साचते, हे या मालिकेने फार नेमके पकडले आहे. या भागावर थांबावे आणि मुलाला आपल्या जगातले प्रश्न विचारावेत. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मागच्या बाकावर बसून कोणाला टोपणनावाने सतत हिणवले जाते का? वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून कोणाला काढून टाकून मग त्याच्यावरच विनोद चालतात का? एखाद्या मुलीचा फोटो तुझ्याकडे आला, तर तू काय करशील? 'पुढे पाठवणार नाही' एवढे उत्तर पुरेसे नाही. मोठ्या माणसाला सांगणे आणि त्या मुलीच्या बाजूला जाऊन बसणे, इथपर्यंत बोलणे न्यावे. अल्पवयीन मुलाचे किंवा मुलीचे अश्लील छायाचित्र पाठवणे हा पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली गंभीर गुन्हा आहे, हेही याच वेळी स्पष्ट सांगावे. पाठवणारा स्वतः शाळकरी असला, तरी प्रकरण बाल न्याय मंडळापर्यंत जाऊ शकते.

इथून पुढे मालिका घसरते आणि तिला कठोरपणे पारखण्याची जागाही हीच. तिचा सर्वांत मोठा दोष आत्महत्या दाखवणे हा नाही. आत्महत्येने हॅनाला हवे ते सगळे मिळते, हा आहे. जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही, तिचा शब्द न् शब्द मेल्यावर सगळे ऐकतात. छळणारे घाबरतात, पश्चात्तापाने पोळतात, प्रियकर तिच्यासाठी झुरतो, आणि ती स्वतः पडद्यावर आणि कॅसेटीत तेवढीच बोलकी, चतुर आणि उपस्थित राहते. हळव्या वयाच्या मुलाला यातून एकच गोष्ट ऐकू येते, की मरण हा बोलण्याचा एक मार्ग आहे. मुलाला सरळ विचारावे, 'हॅनाला हे सगळे पाहता येते का?' उत्तर त्याचे त्यालाच सापडते. मेलेल्या माणसाला न्याय मिळाल्याचे कळत नाही. कॅसेटीतला आवाज लेखकाने दिलेला असतो. तिच्या आईवडिलांवर काय ओढवते, ते पाहायला मात्र मालिका आपल्याला भाग पाडते, आणि त्या प्रसंगांकडे मुलाचे लक्ष जरूर वेधावे.

दुसरा दोष बेरजेचा आहे. तेरा कारणे मोजली की मृत्यूचे उत्तर निघते, असा या गोष्टीचा सांगाडा आहे. प्रत्यक्षात आत्महत्येमागे अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. नैराश्यासारखा आजार, आधीचे आघात, घरातली परिस्थिती, व्यसन, त्या क्षणी साधन हाताशी असणे, यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे नसते आणि कोणा एका माणसाला दोषी धरणे बहुधा अन्यायाचे ठरते. पहिल्या पर्वात नैराश्य हा उपचार होऊ शकणारा आजार म्हणून जवळजवळ येतच नाही. उलट क्लेला वाटत राहते, की आपण प्रेम व्यक्त केले असते तर ती वाचली असती. किशोरवयीन मुलावर इतके मोठे ओझे टाकणारा विचार दुसरा नसेल. आपल्या मित्राचा जीव वाचवणे ही एकट्याची जबाबदारी नाही आणि धोका दिसला की मोठ्यांना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे मुलाच्या मनावर ठसवावे.

तिसरा दोष पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागातल्या एका प्रसंगात आहे आणि तो प्रसंग बारकाईने पाहावा. हॅना शाळेचे समुपदेशक पोर्टर यांच्याकडे जाते. आपल्यावर अत्याचार झाल्याचे ती तुटक शब्दांत सांगू पाहते. अत्याचार करणाऱ्याचे नाव घ्यायला ती तयार नाही म्हटल्यावर ते तिला हे मागे टाकून पुढे जाण्याचा सल्ला देतात. ती बाहेर पडते आणि दाराबाहेर थांबून राहते. ते मागून येतील अशी तिला आशा असते. आत फोन वाजतो आणि ते येत नाहीत. प्रसंग म्हणून तो परिणामकारक आहे, हे नाकारता येणार नाही. पण त्याचा अर्थ 'मदत मागून काही होत नाही' असा निघतो, आणि संपूर्ण पर्वात त्याला उत्तर देणारा एकही प्रसंग नाही. इथे मालिका थांबवून मुलाला विचारावे, 'पोर्टर यांनी काय करायला हवे होते?' मग आपणच सांगावे: जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारायला हवे होते, तिला एकटी जाऊ द्यायला नको होते, पालकांना बोलावून तिला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला हवे होते. आणि एका माणसाने दार उघडले नाही, तर दुसरे, तिसरे ठोठवायचे असते.

आत्महत्येचे प्रत्यक्ष दृश्य पहिल्या आवृत्तीत जवळजवळ तीन मिनिटांचे होते. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून ते काढून टाकले. वास्तव भीषण दाखवले की पाहणारा परावृत्त होतो, असा बचाव निर्मात्यांच्या बाजूने करण्यात आला होता. आत्महत्येच्या पद्धतीचे बारकावे दाखवू नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतले मूलभूत तत्त्व त्या बचावाने डावलले. जुन्या दृश्याची चित्रफीत मुलाच्या फोनवर फिरत असेल, तर ती पाहू नये आणि पुढे पाठवू नये, एवढे ठाम सांगावे. त्यावर चर्चा करण्यासारखे काही नाही.

या मालिकेने खरोखर जीव गेले का, याबद्दल मात्र तोलून बोलावे. अमेरिकेत १० ते १७ या वयोगटात एप्रिल २०१७ मध्ये आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त होते, असे २०१९ मधील एका अभ्यासात दिसले. ही वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती. पुढच्याच वर्षी त्याच आकडेवारीचे पुनर्विश्लेषण झाले आणि मुलग्यांमधली वाढ मालिका येण्यापूर्वी, मार्चमध्येच सुरू झाली होती, असा आक्षेप घेण्यात आला. वाद मिटलेला नाही. पण आत्महत्येच्या भडक चित्रणानंतर अनुकरण वाढू शकते, हे १९७४ पासून अभ्यासले जात आहे आणि त्याला 'वेर्थर परिणाम' म्हणतात. त्याची दुसरी बाजू 'पापाजेनो परिणाम' या नावाने २०१० मध्ये मांडली गेली. मोझार्टच्या संगीतिकेतला पापाजेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुले त्याला दुसरी वाट दाखवतात. संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट ऐकून ऐकणाराही सावरतो, असा त्याचा आशय आहे. पुढे कोणतीही मालिका पारखताना हाच प्रश्न आधी विचारावा: या गोष्टीत कोणी एक तरी वाचतो का, आणि कसा?

पाहून झाल्यावरचे बोलणे सर्वांत महत्त्वाचे असते. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखे विचारू नये. स्कूटरवरून ट्यूशनला सोडताना किंवा स्वयंपाकघरात नारळ खवताना मुले जास्त मोकळी होतात. 'तुला कधी असे वाटले आहे का? जगू नये असे वाटते का?' हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर मूल सुटकेचा निःश्वास सोडते. उत्तर 'हो' आले, तर ओरडू नये, रडून त्याला अपराधी वाटू देऊ नये, देवाची शपथ घालू नये. त्याला एकटे सोडू नये, घरातली औषधे, कीटकनाशके आणि इतर धोकादायक वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. प्रत्यक्ष उपचारांसाठी बांबोळीला आयपीएचबी ही मानसोपचार संस्था आहे. तिचे नाव काढले की अजूनही अनेक घरांत आवाज खाली येतो, पण तापासाठी दवाखान्यात जाणे आणि या आजारासाठी तिथे जाणे यात लाजण्याजोगा फरक काहीच नाही. मुलाने प्रयत्न केलेला असेल आणि पोलिसांच्या धास्तीने घरचे तो लपवत असतील, तर त्यांना सांगावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि शिक्षेऐवजी तिच्या काळजीची व उपचारांची जबाबदारी सरकारवर येते.

शिक्षकांसाठी स्वतंत्रपणे एक सांगायचे आहे. ही मालिका वर्गात किंवा सभागृहात सगळ्यांना एकदम दाखवू नये. चाळीस मुलांत कोणाच्या घरी काय घडून गेले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते आणि अंधारात कोणाचा चेहरा उतरला, ते दिसतही नाही. छळाविषयी बोलायचे असेल, तर फोटोचा तो एक प्रसंग तोंडी सांगून चर्चा घ्यावी आणि ती शाळेच्या समुपदेशकाच्या उपस्थितीतच घ्यावी. समुपदेशक आठवड्यातून ठरावीक दिवशीच येत असतील, तर चर्चा त्याच दिवशी सकाळच्या तासाला ठेवावी, म्हणजे ज्याला बोलायचे आहे त्याला शाळा सुटण्यापूर्वी त्यांच्या खोलीत जाता येईल.