राजकीय स्ट्रीट आर्टच्या मर्यादित प्रिंट्स जमवताय? या चुका टाळा

‘माझ्याकडे ओबामांचं ते होप पोस्टर आहे,’ असं कोणी सांगितलं की विचारायला हवं : त्यातलं कुठलं? अमेरिकी स्ट्रीट आर्टिस्ट शेपर्ड फेअरीने २००८च्या जानेवारीत ते चित्र पहिल्यांदा छापलं, तेव्हा खाली शब्द होता ‘प्रोग्रेस’. त्या स्क्रीनप्रिंटच्या (जाळीतून एकेक रंग दाबून केलेल्या छपाईच्या) ३५० प्रती विकल्या गेल्या आणि तेवढ्याच रस्त्यांवर डकवण्यासाठी गेल्या. ‘होप’ नंतर आलं. मग ओबामांच्या प्रचारासाठी ऑफसेटवर, म्हणजे मोठ्या संख्येने छापणाऱ्या यंत्रावर, लाखांच्या संख्येने पोस्टरं निघाली, आणि ज्याला वाटलं त्याने आपापली नक्कलही काढली.

राजकीय चित्र पसरण्यासाठीच काढलेलं असतं. त्यामुळे एकाच चित्राची विकलेली, फुकट वाटलेली, भिंतीवर लावलेली आणि मागाहून कोणीतरी पुन्हा छापलेली अशी अनेक रूपं फिरत असतात. चित्र ओळखीचं आहे एवढ्यावर पैसे मोजणं ही संग्राहकाची सर्वांत महागात पडणारी चूक. आपल्यासमोर कुठली छपाई आहे, ती कोणी, कधी आणि किती प्रतींत काढली, हे आधी ठरवा. भावाचं बोलणं त्यानंतर.

भिंगाशिवाय खरेदी

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग जवळ ठेवा. ऑफसेटमध्ये निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसते. इंकजेटमध्ये शाईचे बारीक तुषार उडाल्यासारखे दिसतात. स्क्रीनप्रिंटमध्ये प्रत्येक रंग सलग असतो, कड धारदार असते, आणि कागद तिरप्या उजेडात धरला तर शाईचा थर किंचित उठलेला दिसतो. स्क्रीनप्रिंटमध्येही कलाकार मुद्दाम ठिपके वापरतात, पण तिथला एकेक ठिपका एकाच शाईचा आणि भरीव असतो. इंकजेटची मर्यादित आवृत्ती काढण्यात काही गैर नाही. ती स्क्रीनप्रिंट म्हणून गळ्यात मारली जाते, तेव्हा फसवणूक होते.

हेच भिंग सहीवरही फिरवा. पेन्सिलीची खरी सही कागदाच्या तंतूंवर चमकते. छापलेल्या सहीत ठिपके सापडतात.

‘आकडा लहान, म्हणजे प्रत भारी’

प्रिंटवर १२/३०० लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० प्रतींच्या आवृत्तीतली बारा क्रमांकाची प्रत. ती २८०/३०० पेक्षा आधी छापली गेली असेल, असं समजू नका. स्क्रीनप्रिंटचे कागद रॅकवर वाळतात, उचलताना गठ्ठे मागेपुढे होतात, आणि आकडे बहुधा सगळं झाल्यावर पडतात. त्यापेक्षा आवृत्तीची जाहीर झालेली संख्या आणि त्याव्यतिरिक्त कलाकाराने स्वतःकडे राखलेल्या प्रती किती, हे विचारा.

प्रमाणपत्राचा फोटो पाहून समाधान

ओळख लपवून काम करणारा ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्ट बँक्सी याच्या बाबतीत हे फार घडतं. त्याचं काम खरं की खोटं हे सांगणारी ‘पेस्ट कंट्रोल’ ही एकच अधिकृत संस्था आहे आणि ती २००८पासून काम करते. तिच्या प्रमाणपत्राला एक फाटकी नोट जोडलेली असते : राणीच्या जागी डायनाचा चेहरा असलेली, बँक्सीनेच काढलेली दहा पौंडांची खोटी नोट. अर्धी मालकाकडे, अर्धी संस्थेकडे. दोन तुकडे जुळतात का, यावर सगळं ठरतं. म्हणून फोनवर आलेल्या फोटोला अर्थ नाही. व्यवहाराआधी संस्थेकडूनच पडताळणी होऊ द्या. विक्रेत्याने स्वतःच्या शिक्क्यानिशी दिलेला कागद पावती म्हणून जपावा, पुरावा म्हणून नव्हे. २०२४मध्ये इटलीच्या पोलिसांनी बनावट कलाकृतींचं मोठं जाळं उघड केलं, त्यातही बँक्सीच्या नावाची कामं होती.

सही नाही म्हणून प्रत खोटी, हाही गैरसमज. बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’च्या २००४च्या आवृत्तीत १५० प्रती सहीच्या आणि ६०० बिनसहीच्या होत्या. उलट बिनसहीच्या आवृत्तीतल्या प्रतीवर सही दिसली, तर जास्त सावध व्हा. आणि भिंतीवरून खरवडून, कापून आणलेला तुकडा कोणी विकत असेल तर दूरच राहा. पेस्ट कंट्रोल अशा तुकड्यांना प्रमाणपत्र देत नाही, आणि जे रस्त्यावरच्या माणसांसाठी रंगवलं ते तिथून उचलणं मला मुळातच पटत नाही.

घडी दिसली की नाक मुरडणं

हवानामध्ये १९६६मध्ये स्थापन झालेल्या ओस्पाल या आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या एकजुटीसाठीच्या संघटनेची पोस्टरं तिच्या ‘त्रिकॉन्तिनेन्ताल’ मासिकात घडी घालून जगभर पोचायची. त्या पोस्टरावरची घडी म्हणजे त्याने केलेल्या प्रवासाची खूण. ती इस्त्रीने काढायला गेलात तर कागदही जाईल, खूणही.

पॅरिसच्या मे १९६८च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनात आतलिए पोपुलेअर या विद्यार्थी-कलाकारांच्या सामूहिक कार्यशाळेने रातोरात काढलेली पोस्टरं आणखी बोलकी आहेत. ती सामूहिक होती, त्यामुळे त्यांवर कोणा कलाकाराची सही नाही. दिवाणखान्याची शोभा म्हणून ती लावू नयेत, असं करणाऱ्यांनी त्या काळीच बजावलं होतं. त्यातलं एखादं ‘कलाकाराच्या सहीसह, क्रमांकासह’ विकायला आलं, तर विक्रेत्याला त्याचा इतिहास ठाऊक नाही किंवा तो लपवतोय. आणि आपण जमवतोय ते जमवू नका असं सांगणाऱ्यांचं आहे, याची जाणीव संग्राहकाने ठेवलीच पाहिजे.

घरी आणल्यावर

माझी पहिली प्रिंट फ्रेमवाल्याने थेट काचेला टेकवून बसवली होती. दमट हवेत काळ्या शाईचा पट्टा काचेला चिकटला आणि काढताना सालासारखा निघाला. ते चित्र सत्तेच्या हिंसेवरचं होतं. त्यातल्या मुलाचा डोळाच गेला. तुमची चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट कागद-संवर्धकाकडे न्या. काच आणि कागद यांमध्ये आम्लमुक्त पुठ्ठ्याची चौकट हवीच.

कागद फ्रेममध्ये लाटांसारखा फुगला, तर बहुधा चारही कडा चिकटवलेल्या असतात. कागदाला हवेप्रमाणे ताणायला-आकसायला जागा लागते, म्हणून फक्त वरून, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून टांगावा. साध्या चिकटपट्टीचे पिवळे डाग पडले असतील तर घरी रसायनं चोळू नका. फ्रेम लहान पडते म्हणून समास तर कधीच कापू नका.

नळकांड्यातून आलेली प्रिंट लगेच उलटी गुंडाळून सरळ करायची घाई नको. आधी खोलीच्या हवेत काही तास राहू द्या, मग स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्या. झगमगीत फ्लुरोसंट रंग सर्वांत आधी विटतात. अतिनील किरण अडवणारी काच हे लांबवते, थांबवत नाही. संग्रहालयं कागदी कामांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंद उजेड पडू देतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत विसरा. तपकिरी ठिपके उठू लागले तर दमटपणा शोधा, कोपरे कुरतडलेले दिसले तर कसर.

प्रिंटच्या पाठीवर पेनाने काही लिहू नका. पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, चित्र कुठल्या घटनेवर निघालं त्याची दोन ओळींची नोंद आणि मूळ भिंतीचा फोटो मिळाला तर तोही, असं सगळं एका आम्लमुक्त पाकिटात घाला. पाकिटावर प्रिंटचा क्रमांक टाका आणि ते फ्रेमपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.