वडिलोपार्जित जमिनीच्या मालकीचा वाद: आधी फेरफार वाचावेत

सातबारा चुलत्याच्या एकट्याच्या नावावर निघाला की गावात दोन सल्ले हमखास मिळतात: तलाठ्याला भेटून नाव चढवून घ्या, नाहीतर सरळ दिवाणी दावा ठोका. नोंद कोठे आणि कशी बिघडली हे ठाऊक होण्याआधी दिलेले हे दोन्ही सल्ले निरुपयोगी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील, म्हणजे सातबाऱ्यासारख्या सरकारी जमीन-नोंदींतील, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, हे खरे. परंतु फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरील नावांत झालेल्या बदलाच्या नोंदीने, मालकी निर्माण होत नाही आणि संपुष्टातही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे.

चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा) ऑनलाइन मिळतात, ते काढून घ्यावेत. गावात एकत्रीकरण योजना (विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्याची) झाली असल्यास आजच्या गट नंबराचा जुना सर्व्हे नंबर कोणता, हेही पाहून ठेवावे. जमीन मोजून घेण्याची घाई करू नये. मोजणीने हद्द ठरते, मालकी नव्हे.

खरे काम यानंतर सुरू होते आणि ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करावे लागते. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी केलेली नावे कंसात आणि फेरफार क्रमांक वर्तुळात दिसतात. आजच्या उताऱ्यापासून मागे जात, आजोबा-पणजोबांचे नाव लागेपर्यंत, प्रत्येक वर्तुळातील क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल मागावी. एकही क्रमांक वगळू नये. नक्कल हाती आल्यावर नोंद वारसाची आहे, वाटणीची की खरेदीची, ती नोंदणीकृत दस्तावरून झाली की नुसत्या वर्दीवरून (तलाठ्याला दिलेल्या खबरेवरून), नोटीस कोणाकोणाला बजावली आणि मंडळ अधिकाऱ्याने कोणता शेरा मारून ती प्रमाणित केली, हे ओळीने लिहून काढावे. बहिणींनी हक्क सोडल्याचे लिहिले असेल, पण दस्त क्रमांक नसेल, तर तेथेच थांबून चौकशी करावी. स्थावरातील हक्क साध्या कागदावर सोडता येत नाही.

मी येथेच फसलो. आजोबांच्या पश्चात थोरल्या चुलत्यांचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागले होते. पुढे सातबाऱ्याचे पुस्तक नव्याने लिहिताना ही तीन अक्षरे उतरवायची राहिली आणि चुलते कागदोपत्री एकटेच मालक झाले. मी मात्र अलीकडचे तीन फेरफार तेवढे काढले, चुलत्यांनी डाव साधला असे गृहीत धरले आणि प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील केले. चौदा महिन्यांनी ते फेटाळले गेले, कारण ज्या फेरफाराला मी आव्हान दिले होते, त्यात चूक नव्हतीच. चूक दोन पुस्तकांच्या मधल्या नक्कलेत होती आणि तिला फेरफार क्रमांकच नव्हता. म्हणून नुसते फेरफार पाहून भागत नाही. प्रत्येक वेळी पुस्तक बदलले तेव्हाचे जुने व नवे पान शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. या एका कामाला आठवडा लागला तरी तो खर्ची घालावा. ‘ओळखीने उद्या करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती तर ते मुळीच देऊ नये.

चूक सापडली की मार्ग आपोआप ठरतो. फेरफाराशिवाय झालेली लेखनातील चूक असेल, तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. नोंद अद्याप प्रमाणित व्हायची असेल, तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. तोंडी हरकतही कायद्याने चालते, पण लेखी देणेच सुरक्षित. प्रमाणित झालेल्या फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे साठ दिवसांत अपील करावे लागते आणि मुदत टळली असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो.

मृत्युपत्र खोटे आहे, खरेदीखत बेकायदेशीर आहे किंवा आपला हिस्साच नाकारला जात आहे, असा वाद असेल, तर मात्र महसूल कार्यालयांचे उंबरठे झिजवण्यात अर्थ नाही; तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचाच आहे. कब्जा गेला असताना नुसती मालकीची घोषणा मागू नये, ताबा आणि वाटपही त्याच दाव्यात मागावे. भाऊ बारा वर्षे जमीन कसतो आहे म्हणून ती त्याची झाली, ही पारावरची समजूत आहे. सहहिस्सेदाराचा कब्जा आपोआप प्रतिकूल, म्हणजे इतरांचा हक्क नाकारून धरलेला, ठरत नाही. तरीही मुदतीचा हिशोब वकिलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावा.

दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. प्रलंबित दाव्यातील जमिनीची विक्री निकालाच्या अधीन राहावी, यासाठी महाराष्ट्रात ही नोंदणी आवश्यक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये तशी स्थानिक दुरुस्ती आहे. ‘दावा चालू आहे, आता कोण विकत घेणार’ या भरवशावर राहणाऱ्यांच्या जमिनी दाव्याच्या मध्यावर तिऱ्हाइताच्या नावावर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वाटपाचा हुकूमनामा झाला तरी आकारी, म्हणजे शेतसारा लागू असलेल्या, शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे न्यायालय पाडत नाही. त्यासाठी तो हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणून तो तिकडे रवाना झाल्याचा जावक क्रमांक न्यायालयातून त्याच आठवड्यात मागून घ्यावा.