खाऱ्या पाण्याची टाकी: मासे आणण्याआधी गाळण्याची तयारी

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: टाकीत प्रत्यक्षात किती पाणी राहणार आणि त्यात कोण राहणार. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर होतात. दगड-वाळू घातली की दीडशेच्या आसपासच उरतात. क्लाउनफिशची जोडी आणि एखादा छोटा गोबी मासा एवढाच बेत असेल तर गाळण्याचं सामान बेताचं चालतं. निळी टँग (मोठा वाढणारा मासा) डोक्यात असेल तर आधी टाकीच मोठी करा, फिल्टरचं नंतर बघू.

पहिला खर्च नळाच्या पाण्यावर करायचा. स्वयंपाकघरातला आरओ इथे कामाचा नाही. प्यायच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात आणि आपल्याला टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) टप्पा असलेलं वेगळं युनिट घ्या आणि सोबत टीडीएस मीटर. बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायटीत रेझिन लवकर संपतं, हे धरून चाला. पावसाळ्यात नाशिकला गोदावरी गढूळ झाली की गाळ पकडणारं पहिलं कार्ट्रिज भराभर चोंदतं. जादाची दोन आषाढाआधीच आणून ठेवा. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. गच्चीतली टाकी तुमच्या नळापेक्षा दहा मीटर उंच असली तरी पाण्याचा दाब जेमतेम १४ पीएसआय (दाबाचं एकक) मिळतो आणि आरओच्या मेम्ब्रेनला, म्हणजे गाळणाऱ्या पडद्याला, ५०-६० लागतो. म्हणजे वरच्या मजल्यावर बूस्टर पंप हवाच. नाकारलेलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं.

आता मुख्य निवड. प्रत्येक उपकरणाला एकच प्रश्न विचारा: हे घाण पाण्याबाहेर काढतं की पाण्यातच धरून ठेवतं? कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर, धरून ठेवतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं त्याच्या स्पंजात अडकतं, तिथेच कुजतं आणि नायट्रेट होऊन परत टाकीत येतं. ओट्याखालचा डबा रोज न रिकामा करता नुसतं झाकण लावण्यातला हा प्रकार. गोड्या पाण्यात तो खपतो, कारण दर आठवड्याला नळाचं पाणी बदलणं स्वस्त पडतं. इथे प्रत्येक बदललेल्या लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ जातं. घरात कॅनिस्टर पडून असेल तर टाकू नका. त्यात फक्त कार्बनची पिशवी ठेवा आणि दर आठवड्याला धुवा.

बाहेर काढणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे होतात, विरघळलेला सेंद्रिय कचरा त्यांना चिकटतो आणि फेस होऊन वरच्या कपात साचतो. कुजून विषारी अमोनिया होण्याआधीच घाण गेलेली असते. गोड्या पाण्यात असा फेस टिकत नाही, म्हणून साध्या माशांच्या दुकानदाराला स्किमरचं महत्त्व पटेलच असं नाही; त्याच्याशी वाद घालू नका. खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुतेक वेळा हलक्या भारासाठी असतो, तेव्हा आपल्या पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. घेण्याआधी टेप लावून कॅबिनेटची आतली उंची मोजा: स्किमर बसला पाहिजेच, शिवाय कप वर उचलून काढायला चार-पाच इंच मोकळे हवेत. सुरुवातीचा आठवडाभर नवा स्किमर वेड्यासारखा उतू जातो. तेव्हा त्याची पातळी खाली ठेवा, परत करायला धावू नका.

स्किमर राहतो संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या काचेच्या पेटीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा काच कापणाऱ्या कुणाकडेही ती करून घेता येते, पण कप्प्यांची उंची तुम्ही सांगायची. स्किमरच्या कप्प्यातली पाण्याची पातळी आडव्या काचेने कायम एकच राहिली पाहिजे; घटबढ फक्त शेवटच्या, पाणी परत वर टाकीत ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात व्हावी. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत नाशिकला पाणी झपाट्याने उडतं आणि पंखा लावला तर आणखीच. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने, शक्यतो फ्लोट लावलेल्या ऑटो टॉप-ऑफमधून (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रातून). घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघायची.

संप घरी आला की आधी साधं पाणी भरून वीज घालवून बघा. पंप थांबला की वरच्या टाकीतलं काही पाणी खाली येणारच. ते संपमध्ये मावलं नाही तर दिवाणखान्यात येईल. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडलं की हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. फिल्टर सॉक (कचरा गाळणारी कापडी पिशवी) लावणार असाल तर चार-पाच घ्या आणि तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर तोही कॅनिस्टरच झाला.

अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचं घर म्हणजे दगड. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड घेऊ नका. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सच्छिद्र सिरॅमिक किंवा बनवलेला कोरडा दगड तेच काम करतो, फक्त वेळ घेतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे धरा. तपासणीचे किट आधीच घरात हवेत.

यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि फॉस्फेट रिअ‍ॅक्टर (पाण्यातलं फॉस्फेट शोषणारं यंत्र) आत्ता नको. फॉस्फेट वाढल्याचं किटमध्ये दिसेल तेव्हा बघू.

वीज गेली तर काय, हे मात्र आजच ठरवा. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप), मग रिटर्न पंप. पाणी हललं नाही तर काही तासांत मासे आणि जिवाणू दोघांनाही ऑक्सिजन कमी पडतो. स्किमर थोडा वेळ बंद राहिला तर बिघडत नाही. पौषातल्या थंडीत लागणारा हीटर इन्व्हर्टरवर लावू नका, बॅटरी बसेल. सगळे प्लग आरसीसीबीमागे (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचमागे), वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि रिटर्न पंपाचा एक जादा इंपेलर (आतलं फिरतं चाक) खणात असू द्या, कारण सुटा भाग बाहेरून मागवला तर दोन-चार दिवस जातात.